प्रॉम्प्टर

बांबोळी, तळमजला. ग्रासियेला
बाबांच्या हाती पेला देते,
खडू कालवल्यासारखं पांढरं.
"तोंडात धरा. सांगेन तेव्हाच गिळा."

शिरोड्याच्या जत्रेत चाळीस वर्षं
विंगेतून वाक्यं पुरवली यांनी,
राजाला, मिशी गळालेल्या दुःशासनालाही.
आता यांनाच खूण हवी.

"गिळा."

पडद्यावर पांढऱ्याचं काळं झालेलं.
घोट जिभेवरून निघतो,
गळ्याच्या वळणावर थांबतो,
खनिजाच्या ट्रकामागे अडलेल्या बससारखा.
काचेआड माझाच आवंढा
नकळत खाली जातो.
त्यांचा नाही.

"पुन्हा, हां," ती हळू म्हणते.

बाहेर येऊन ओठ पुसतात,
पांढरी रेघ राहतेच.
"पेजेत मीठ घालायला विसरली पोर."