थंड इंजिन

विकत घ्यायच्या आधी इंजिनावर तळहात ठेवावा.
उजवा. डाव्याचं नंतर सांगतो.
गरम लागलं तर समजायचं,
मालकानं पहाटेच एकदा चालू करून ठेवली आहे,
गारठ्यात ती कशी खोकते
ते आपल्याला दिसू नये म्हणून.

काटोल रोडवरचं ते बंद पडलेलं रिसॉर्ट,
सकाळचे सात,
आणि इंजिन नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं.
"ऊन खाऊन राहिली न भाऊ," मॅनेजर म्हणाला.
शेडमध्ये? मी विचारलं नाही.
चहा मागवला. कुंदा उईके पायरीवर बसली,
मी टायरवर.
दीड तास आम्ही एक मशीन थंड व्हायची वाट पाहिली.

अठरा वर्षं ती ढकलायच्या मशीनमागं चालली आहे,
त्रिमूर्ती नगरच्या लेआउटचे बगीचे,
कधी एखाद्या मंगल कार्यालयाचं लॉन.
पोरानं एकदा फोनवर मोजून दिलं:
दिवसाला चौदा किलोमीटर.
"आता बसून काम करा लागते मले,"
ती हळूच म्हणाली,
इकडं तिकडं पाहून, कोणी ऐकलं तर नाही ना.

तासांचं मीटर २३१४ वर अडकलेलं.
त्यानंतरचे तास कोणी मोजले नाहीत.
पात्यांच्या टपाला ताजा पिवळा रंग.
स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला: खाली वेल्डिंग,
वेल्डिंगच्या कडेला तडा,
तड्यात कोणत्यातरी जुन्या पावसाळ्याचं वाळकं गवत.
तिसऱ्या सेल्फला चालू झाली. निळा धूर, घटकाभर.
निळा म्हणजे ऑइल पिते.
थोडंफार पिणारे पुष्कळ वर्षं काम करतात,
माझ्या ओळखीत दोघं-तिघं आहेत.

एक लाख दहावरून अठ्ठ्याहत्तर.
भिशीचे पैसे, रबर लावलेले,
तिनं दोनदा मोजले, मॅनेजरनं तीनदा.

वाडीच्या माझ्या शेडमध्ये
कूलरच्या पंपांना बाजूला सारून जागा केली.
कंपनीनं स्पिंडलचे सांगितले होते
मला महिन्याचं भाडं पडतं तेवढे.
इतवारीतल्या बोहरी दुकानात
म्हाताऱ्यानं बेअरिंग चिमटीत फिरवून पाहिलं,
म्हणाला, "हे तर बासष्ट शून्य चार,"
आणि जिन्याखालून दोन काढून दिले.
पट्टा पिठाच्या गिरणीचा बसला.
लोखंडाला लोखंड ओळखतं,
कंपन्यांची नावं माणसांना लागतात.

मग कुंदा चढली, आणि मशीन बंद पडली.
मी चढलो, चालू.
ती चढली, बंद.
"मायावरच काऊन रुसते हे?"

सीटखाली स्विच असतो.
माणूस उठला की पाती थांबावीत म्हणून.
जुन्या मालकानं तिथं वायर पिळून
मशीनला पटवलं होतं
की कोणीतरी कायम बसलेलं आहे.
ती वायर मीच काढली होती.
आणि स्प्रिंग बनवणाऱ्यानं मनात धरलेला माणूस
नव्वद किलोचा असावा.
कुंदा बेचाळीस.
मशीनच्या लेखी सीट रिकामी.

"वायर परत जोडून टाका न भाऊ," मदतीला असलेला विशेष म्हणाला.
तेव्हा मी डावा हात टेबलावर ठेवला.
त्यावर अडीच बोटं आहेत.
तो पान्हा आणायला गेला.

भंगार स्कूटरच्या ब्रेक स्विचची स्प्रिंग,
त्यातही दोन वेढे कापले.
पेडलवर बाभळीचा ठोकळा, तिच्या पायाच्या मापानं.

मागच्या मोकळ्या प्लॉटवर पहिली फेरी.
दहा फूट गेली, आणि सवयीनं
कुंदा पुढचं गवत बघायला उठली.
बंद.
बसली, चालू केली, पुन्हा उठली.
बंद.
"बसून राहा न मावशी!" विशेष ओरडला.
ती बसली. दोन्ही हात कुठं ठेवायचे
ते तिला थोडा वेळ कळेना.
मग कापलेला एक पट्टा सरळ
नाल्याच्या भिंतीपर्यंत गेला,
वळणावर जरा वाकडा.

बाराशे बाकी आहेत.
पट्टा दिवाळीपर्यंत टिकेल, असं मी सांगितलं आहे.
सीट मे महिन्यात तापेल,
गोणपाट ओलं करून टाकजो म्हटलं,
कूलरला टाकतो तसं.