चारशे ग्रॅम

दिवसभर मी ट्रक मोजते.
संत्र्याचे, सरकीचे, कधी फरशीचे.
माझ्या धर्मकाट्याला दहा किलोच्या खालचं दिसतच नाही.
परवा दोन्ही चाकजोड्या त्याच्यावर ठेवून पाहिल्या, आळीपाळीनं.
शून्य.
पुन्हा शून्य.

मग बोबडेकाकांच्या किराण्यात नेल्या.
त्यांनी पोह्याचं पोतं सरकवून जागा केली.
खोल रिमची जोडी सोळाशे नव्वद,
उथळ रिमची बाराशे नव्वद.
"चारशे ग्रॅम! म्हंजे अर्धा किलोबी साखर नाही.
येवढ्यासाठी गिऱ्हाईक उभं ठेवलं व्हय तू?"

एवढ्यासाठीच.
नागपूरहून रजतनं एसटीच्या पार्सलनं दोन्ही पाठवल्यात,
एक ठेव, एक शनिवारी परत कर.

खोल चाकं अंजनगाव रोडला काढली.
दोन्हीकडे पऱ्हाटी, रस्ता ताटासारखा.
वेग तीसच्या वर गेला की ती गुणगुणतात,
दळण संपत आलेल्या चक्कीसारखी,
आणि पाय नुसते सोबतीला उरतात.
पथ्रोटच्या पुढे आडवा वारा आला,
सूप धरावं तसं त्यानं पुढचं चाक धरलं
नि मला पाखडलं थेट तुरीच्या धुऱ्यावर.

हलकी चाकं नेली चिखलदऱ्याच्या घाटात.
सागाचा पाचोळा. कठड्यावर वानरीण, पोटाशी पिल्लू.
तिसऱ्या वळणावर, जिथं एरवी मी उतरून
बुटाची नाडी बांधायचं सोंग करते,
तिथं नाडी सुटलीच नाही.

शालिग्राम मिस्त्री म्हणतो, "हिशेब सोपा हाय ताई.
रोज जाता कुठं, थे सांगा."

रोज? घर ते काटा, नऊ किलोमीटर, सपाट.
सकाळी वारा समोरून,
आणि मेला संध्याकाळीही समोरूनच.
घाट महिन्यातून एकदा. तोही झाला तर.
हिशेब खरंच सोपा आहे:
भरल्या गाडीतून रिकामी वजा करायची,
उरतो तो माल.

शुक्रवारी रात्री हलकी जोडी खोक्यात भरली.
सुतळी बांधली. गाठ पाहिली.
दिवा घालवला.
मग पुन्हा लावला, आणि गाठ दातानं सोडली.

सकाळी साडेसहाच्या गाडीत खोल चाकं चढवली.
कंडक्टरनं पेन काढलं, "वजन?"

बारा वर्षं काट्यावर बसते मी.
म्हटलं, "लिहा अंदाजे."