एक, वाई

पहिल्यांदा मी कात्रजलाच उतरले.
घाट समोर दिसला आणि पोटात गोळा आला.
कंडक्टर म्हणाला, तिकीट वाईचं आहे ना?
म्हटलं, विसरले काहीतरी.
काय विसरले ते मलाही सांगता आलं नसतं.
येताना डेअरीतून अर्धा लिटर दूध घेतलं,
म्हणजे घरी विचारलं तर सांगता येईल,
दुधाला गेले होते.
धनकवडीहून कात्रजला, सकाळी सहाला,
पर्स, स्वेटर आणि पोळ्यांचा डबा घेऊन,
दुधाला.

दुसऱ्यांदा स्वारगेटच्या बाकावरून उठलेच नाही.
तीन गाड्या लागल्या, तीन सुटल्या.
झाडणारी बाई म्हणाली, ताई, पाय वर घ्या.
घेतले.
तेवढाच त्या दिवशीचा प्रवास.

सत्तेचाळीस वर्षं मला सोबत होती.
आधी अण्णा, मग दादा,
आणि दादाला सुट्टी नसेल तेव्हा
त्याचा ओंकार, वय वर्षं पाच.
नाक मी पुसायचं, शू मी करवायची,
खिडकी त्याला द्यायची,
आणि तरी घरचे म्हणायचे,
ओंकार आहे ना बरोबर, मग काळजी नाही.

तिसऱ्यांदा पर्समध्ये तिखटाची पुडी होती,
काखेत पिशवी, पिशवीत कात्री
(फॉल-पिकोवालीची कात्री, कापड बघून लाजते),
आणि वहिनीची शिकवण कायमचीच:
प्रवासात पाणी पिऊ नये.
बाईमाणसाची पंचाईत होते.

किती? कंडक्टरनं विचारलं.
तोंडात 'दोन' आलं होतं, सवयीनं.
एक, म्हणाले. वाई.
बायकांना अर्धं, म्हणत त्यानं तिकीट फाडलं.
तिकीट अर्धं, सीट अख्खी.
मी मधोमध बसले.

कात्रज आलं. डेअरी आली.
मी हात मांडीखाली दाबून धरले,
न जाणो, बेलच्या दोरीकडे जायचे.
मग बोगद्याचा अंधार,
आणि त्या अंधारात मागच्या सीटखालून
एक बूट माझ्या टाचेला लागला.
एकदा. लागतो बूट.
पुन्हा.
मी वळून म्हणाले, पाय मागे.
मशीन चालू असताना गिऱ्हाइकाशी बोलते त्या आवाजात.
अर्धी गाडी माझ्याकडे बघायला लागली.
पाय मागे गेले.
माझे गुडघे मात्र शिरवळपर्यंत थरथरत होते,
ते कुणाला दिसलं नाही, साडी बरी असते.

खेड शिवापूरला कधी नव्हे ती तहान लागली.
म्हणजे रोजच लागत असणार,
मी तिला कधी विचारलं नव्हतं.
बाटली उघडली आणि सगळी प्यायले,
अख्खी, तळापर्यंत, घशातून आवाज करत.

मग व्हायचं ते झालं.
शिरवळला गाडी दहा मिनिटं थांबली.
मोरीच्या दाराला कडी नव्हती,
जिथं कडी असते तिथं सुतळी होती, तीही तुटलेली.
कडेवर पोर घेतलेली एक बाई बाहेर उभी.
जा तुम्ही, म्हणाली, मी धरते दार.
नाव नाही, गाव नाही.
बाहेर तिचा हात, आत मी.
परतफेड म्हणून मी तिचं दार धरलं,
मग तिच्या मागच्या मुलीचं,
आणि कंडक्टर हाका मारत राहिला,
वाई, ओ वाई, चला!
वाई म्हणजे मी.

वाईत काही केलं नाही.
घाटावर बसून पोळी खाल्ली.
एका आजोबांनी विचारलं, कोणाकडे आलात?
कोणाकडे नाही, म्हटलं.
ते जरा थांबले, मग म्हणाले,
ऊन आहे, इकडं सावलीत सरका.

रात्री नऊला घरी पोचले.
दारात वहिनी. होतीस कुठं?
वाईला.
कोणाबरोबर?
मशीनवर सहा साड्या येऊन पडल्या होत्या,
वरच्या हिरवीला उद्याची चिठ्ठी.
चपला काढल्या, पर्स खुंटीला अडकवली.
आधी पाणी दे, म्हटलं.