करड्या नोंदी

सातपूरच्या आयटीआयत, दुसऱ्या मजल्यावर,
बेचाळीस नवे संगणक अजून थर्माकोलात.
सगळ्यांत एकच मन ओतायचंय,
सात नंबरच्या मशीनचं,
पण आधी ते धुवून.

रेवण म्हणाला, मॅडम, याला तर काहीच जोडलेलं नाही.
थांब, म्हटलं.
वरच्या मेनूत जा. लपलेली उपकरणं दाखव.

आणि उमटली की रांग,
पुसट, करडी,
चुन्याच्या हाताखालून
भिंतीवरची जुनी जाहिरात डोकवावी तशी.

द्वारक्याला भंगारात गेलेला प्रिंटर.
परीक्षेपुरतं आणलेलं अंगठ्याचं यंत्र.
कुणाचा तरी मोबाइल, पाच मिनिटं चार्जिंगला लावलेला.
एकच माउस, चार पोर्टांत चार वेळा,
दर वेळी नवा पाहुणा म्हणून टिपून ठेवलेला.
याला माणसं कळत नाहीत, दारं कळतात.

उजवी टिचकी. काढून टाका.
खात्री आहे?
आहे.
खात्री आहे?
आहे रे बाबा.
एकशे सतरा वेळा.

राहिल्या तर काय बिघडतं, मॅडम?
तसं काही नाही.
बेचाळीस मशीनं
कधी न पाहिलेल्या प्रिंटरची
आठवण काढत बसतील, एवढंच.

मग आला बागूल सरांचा पेनड्राइव्ह.
नाव त्यांनीच दिलेलं: फिटर पेपर हात लावू नये.
स्कूटरच्या किल्लीला लटकलेला असायचा,
टोपण हरवलेला, दोरा गुंडाळलेला.
सर आता नंदुरबारला, मुलीकडे.
फोन लागतो, उचलत नाहीत.

गेल्या साली वडिलांचं करायला रामकुंडावर गेलो
तर उपाध्यायांनी लाल फडक्यातली वही सोडली,
थुंकी लावून पानं उलटली
आणि आजोबांची सही काढून दाखवली. मोडीत.
मला वाचता आली नाही.
भाऊ म्हणाला, त्यांचीच आहे.

हे आत्ता आठवायचं काही कारण नव्हतं.
खात्री आहे?
बोट जरा थांबलं. मग
टिचकी.

सहाला कंपनीचा भोंगा झाला.
यादी स्वच्छ.
फक्त एक नोंद, ठळक, काळी:
माझाच पेनड्राइव्ह,
ज्यावरून झाडलोटीची फाइल आणली होती.
लावलेला आहे तोवर ती जिवंत.
काढला की करडी होणार,
आणि बेचाळीस ठिकाणी जाऊन बसणार.

मॅडम, ही राहिली, रेवण म्हणाला.

चहा सांग, म्हटलं.
साखर कमी.