कणीक

मुलुंडच्या वसतिगृहात पहाटे साडेचारला
इंद्राक्का परातीतून एक गोळा बाजूला ठेवते,
पखवाजाच्या डाव्या पुडीसाठी.
"खाणारी तोंडं एकवीस,
आणि हे बाविसावं, चामड्याचं."

मी थापतो. पाण्याचं बोट फिरवतो. पुन्हा थापतो.
गुरुजी डोळे न उघडताच म्हणतात, अजून थोडी.
मग एकदम धा असा उतरतो
की खाली रिव्हर्स घेणारा डंपरही
क्षणभर समेवर आल्यासारखा वाटतो.

एकादशीला स्वयंपाकघरात फक्त भगर.
त्या दिवशी पखवाजालाही उपास.

रियाजानंतर नखांनी कणीक खरवडून
कावळ्यांना घालायची, असा नियम.
काल चिमूटभर मीच तोंडात टाकली:
खारट, माझ्याच तळहातासारखी.

रात्री फोनवर आईनं विचारलं, जेवलास का?
म्हटलं, हो. दोघंही जेवलो.