बिनधोट्याचा माग

केगावच्या प्रयोगशाळेत
तिसऱ्यांदा गुंता झाला.
प्रथिनांचे तुकडे पाण्यात सोडलेले,
एकमेकांना शोधत त्यांनीच विणायचं
भाजलेल्या कातडीवरचं तलम कापड.
शिवलीला रेणूंचं गणित मांडते,
मी पेशी वाढवते,
आणि दोघींना येत नाही ते विचारायला
अशोक चौकातून आणले
यन्नममामा, जेकार्डचे जुने जॉबर.

पडद्याकडे बघत राहिले बराच वेळ.
चष्मा पुसला.
"धोटा कुठाय?"
नाही, मामा.
"मग हात कुणाचा?"
कुणाचाच नाही.
"हं. खळ वाळायच्या आत ताणा ओढलाय तुम्ही.
घाई. दुसरं काही नाही."

त्या रात्री पाणी सावकाश निवू दिलं,
तासाला एक अंश.
बाहेर मे महिना. पंखा बंद.
बशीत नुसतं पाणी दिसत होतं.

पहाटे शिवलीलानं हाक मारली.
धागे ओळीनं उभे,
शेजाऱ्यानं शेजारी धरलेला,
काठसुद्धा सरळ.

मामांना फोन लावला.
मागांच्या खडखडाटात त्यांना ऐकूच येईना.
मग बाहेर येऊन म्हणाले,
"आपोआप झालं? बरं झालं.
पण पोरी, माझा कालचा खाडा
कुणाच्या नावावर मांडू?"