पट्टा खालच्या पायरीवर

उदगीरला देगलूर रोडवर, टायरवाल्याच्या मागं
पत्र्याचं वर्कशॉप माझं.
ड्रिल मशीन बटाल्याचं, मालगाडीनं आलेलं,
माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

मधल्या बोटाला शेवटचं पेर नाही माझ्या.
नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, कसला तरी रोग.
दुसऱ्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर
पट्टा सरकवताना गेलं ते.
मोटर थांबायची होती अजून,
आणि रसवंतीवाला चरकाचं दातं घेऊन दारात उभा:
अप्पा, ऊस वाळायलाय.

आता वेल्डर मेहबूबची तस्लीम,
वायरमनचा कोर्स करून आलेली,
बंद डाळमिलचा ड्राइव्ह घेऊन आली,
भंगारातून, अठराशेला.
हवा मारली तर आतून तुरीची धूळ निघाली,
पिवळी, अजून वास असलेली.

"मामा, थ्री फेज कवा येतंय तुमच्याकडं?"
रात्री. नाही तर येत नाही.
"मग सिंगलमधूनच तीन काढते."
मोटरचा डबा उघडला तिनं.
आडव्या पितळी पट्ट्या काढल्या, उभ्या लावल्या.
एवढंच? मी म्हणालो.
एवढंच, म्हणाली, आणि नट
माझ्यापेक्षा घट्ट आवळला.

स्विच पाडला. लाल आकडे विझले.
मी हात पुढं केला
तशी तिनं मनगटच धरलं.
"विझलं म्हणून हात घालू नगा.
आत साठलेलं असतंय. पाच मिनिटं."
पाच मिनिटांत मला
अशी तीन माणसं आठवली.

मग गोल बटण फिरवलं.
पाच. बारा. वीस.
चक फिरायला लागला, जात्यासारखा सावकाश,
आणि त्याच्यावरचे ओरखडे दिसले,
फिरता फिरता, एकेक.
एवढ्या वर्षांत चालत्या चकचं तोंड
मी पाहिलंच नव्हतं.
वर मोटर चिलटासारखी गुणगुणत होती.
तस्लीमनं कुठलासा आकडा बदलला,
चिलट लांब गेलं.

दुपारी कडबाकुट्टीची प्लेट आली.
पंचवीसचं भोक.
मी ऐटीत बटण खाली आणलं, बिट टेकवलं.
दोन वेढे घेतले,
आणि मशीन जागच्या जागी उभं.
पडद्यावर इंग्रजी अक्षरं. पुस्तक चिनी.
तस्लीम पानं उलटत राहिली, घाम पुसत.

मी म्हणालो, बाई,
वेग कमी केलास तू.
जोर कुठून आणणार?

स्विच पाडला.
पुली सबंध थांबेपर्यंत बघत राहिलो,
ती थांबल्यावरही थोडा वेळ.
मग कव्हर उघडून साडेचार बोटांनी
पट्टा खालच्या पायरीवर घातला.
बटण पन्नासवर.
आता बिट शिरलं, बुडबुडत्या तेलात,
आणि दोन्ही बाजूंनी शेव निघाली
शेवयांसारखी लांब, निळसर, न तुटता.

तस्लीमनं खडूनं कव्हरवर लिहिलं:
बारीक भोक, बटण.
मोठं भोक, पट्टा आणि मामा.

प्लेटवाला जाताना विचारतो,
हा रेडिओ कधी बसवला?

सातला लाईट गेली.
तस्लीमनं सायकल काढली.
मला कव्हर पुसायचं होतं.
फडकं हातात घेऊन
पाच मिनिटं बसून राहिलो.